धागा: 'कोलेडोकोलिथियासिस' हा शब्द नेमका कुठे तोडायचा?

निर्झरा_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी संभाषण शिकवते. वर्गातल्या बऱ्याच जणी पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण भागातल्या. घरात कोकणा नाहीतर अहिराणी बोली, शाळा मराठी माध्यमाची आणि इथे आल्या आल्या हातात जाडजूड इंग्रजी पुस्तकं. मुली हुशार आहेत. पेपरात स्पेलिंग चुकत नाहीत. पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तोंड उघडायची वेळ आली की गाडी अडते.

परवा एकीला पित्तनलिकेतल्या खड्यांवर प्रश्न आला. तिने स्पेलिंग जसं दिसतं तसं वाचलं, 'चोलेडोचो...' बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "छोले मागवलेत का?" सगळे हसले. पोरगी पुढचं सगळं येत असूनही गप्प बसली.

आता मला हा शब्द फळ्यावर नीट तोडून लिहायचाय. पण डिक्शनरीत एक तोड, मेडिकल टर्मिनॉलॉजीच्या पुस्तकात दुसरी आणि व्हिडिओतली बाई तिसरंच काहीतरी म्हणते. कोणती धरू?

'मराठी प्रतिशब्द वापरा' हा सल्ला कृपया देऊ नका. परीक्षा इंग्रजीत आहे.

सिडकोकर

हे रोगाचं नाव आहे की सोसायटीच्या कार्यकारिणीची यादी?

लासलगावकर

हाई रोगनं नाव शे का मालगाडी? :)

डॉ_पोटोबा

ताई, आधी दिलासा. ओपीडीत हा शब्द आम्हीही उच्चारत नाही. 'सीबीडी स्टोन' (सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनलिका) म्हणतो आणि पुढच्या पेशंटकडे वळतो. पित्ताशयात खडे असतील तर 'जीबी स्टोन', पित्ताशय काढायचं असेल तर 'लॅप कोले'. पूर्ण नाव केस पेपरवर, डिस्चार्ज कार्डावर आणि व्हायव्हात.

पण मुलींना एक गोष्ट पक्की सांगा. कोलेलिथायअसिस आणि कोलेडोकोलिथायअसिस हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात खडे पित्ताशयात. दुसऱ्यात ते सरकून मुख्य पित्तनलिकेत आलेले. मधलं 'डोको' गाळलं की निदानच बदलतं. पिशवीतले खडे कित्येकांना वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. नळीत अडकलेला खडा कावीळ करू शकतो, लघवी गडद, शौचाचा रंग फिका. त्यात थंडी वाजून ताप आला तर नळीत जंतुसंसर्ग झालाय असं धरून धावपळ करावी लागते. उपचारही वेगळे. नळीतला खडा बहुतेक वेळा तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून काढतात आणि पिशवी नंतर दुर्बिणीच्या ऑपरेशनने. साध्या सोनोग्राफीत पिशवीतले खडे छान दिसतात, नळीतले पुष्कळदा हुलकावणी देतात, मग एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करावी लागते.

ड्युटी बदलताना एका सिस्टरने दुसरीला तोंडी माहिती दिली आणि त्यात 'डोको' राहून गेलं तर काय होईल, हे वर्गात विचारा. शब्द आपोआप लक्षात राहील.

उच्चार म्हणाल तर: को-ले-डो-को-लि-थाय-अ-सिस.

दुसरंवर्ष_एमबीबीएस

डॉक्टर, आमच्या कॉलेजात अर्धे सर 'लिथियासिस' म्हणतात आणि अर्धे 'लिथायअसिस'. आम्ही समोर कोण आहे ते बघून म्हणतो.

अवांतर: पहिल्या वर्षाला चेहऱ्याच्या स्नायूंमध्ये 'लेव्हेटर लेबिआय सुपिरिऑरिस अलीक्वी नेसाय' असतो. वरचा ओठ आणि नाकपुडी वर उचलणारा, नाक मुरडतो ना, तो. त्याच्यापुढे हा खड्यांचा शब्द बाळ आहे.

ध्वनिवेडी

ताई, तुम्हाला तीन वेगळ्या तोडी दिसल्या कारण त्या तीन वेगळ्या कामांसाठी आहेत. तिन्ही आपापल्या जागी बरोबर. घोटाळा होतो तो एकीचं काम दुसरीकडून करून घेतल्यावर.

डिक्शनरीत मूळ शब्दात ठिपके देऊन दाखवतात ती तोड मुख्यतः छापखान्यासाठी. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर जोडरेघ कुठे द्यायची, एवढंच ती सांगते. उच्चार त्याच्या पुढे वेगळा दिलेला असतो, तो बघायचा.

टर्मिनॉलॉजीच्या पुस्तकातली तोड अर्थाची. मूळ ग्रीक तुकडे: कोले म्हणजे पित्त, डोको म्हणजे सामावून घेणारं, धारण करणारं (पित्त धारण करणारी ती पित्तनळी), लिथ म्हणजे दगड आणि शेवटचं इयासिस म्हणजे विकाराची अवस्था. पित्त, नळी, दगड, विकार. चार तुकडे जोडले की निदान तयार. ही तोड मुलींना यायलाच हवी, कारण तिच्यावर पुढचे पन्नास शब्द उलगडतात.

आणि तिसरी तोड जिभेची. तोंड कुठे उघडतं आणि कुठे मिटतं, त्याची. डॉक्टरांनी दिली ती ही.

आता गंमत बघा. अर्थाची तोड 'लिथ' आणि 'इयासिस' यांच्या मध्ये पडते. जिभेची तोड 'लि' आणि 'थाय' यांच्या मध्ये. 'थ' अर्थाने डावीकडचा, उच्चाराने उजवीकडचा. माझ्या मते आपल्याकडचा 'लिथियासिस' हा उच्चार इथेच जन्मतो. अर्थाचे तुकडे पाठ केलेला माणूस 'लिथ' म्हणून थांबतो आणि मग 'इयासिस' जोडतो. झालं लिथियासिस.

आपल्याला हे नवीन नाही. 'विद्यार्थी' हा शब्द अर्थाने विद्या + अर्थी. पण बोलताना कोण 'विद्या... अर्थी' म्हणतं? विद्-यार्-थी म्हणतो. संधी सोडवणं वेगळं, बोलणं वेगळं. फळ्यावर अर्थासाठी अधिकचं चिन्ह आणि बोलण्यासाठी आडवी रेघ वापरा, दोन ओळी एकाखाली एक. एकाच ओळीत दोन्ही कोंबू नका.

केमिस्टशेजारी

'च'चा 'क' का होतो ते कुणीतरी सांगा. मुलगी चुकली असं मला वाटतच नाही. चेअर, चर्च, चॉकलेट शिकवलं आणि मग अपेक्षा काय करायची?

ध्वनिवेडी

ग्रीकमधून आलेल्या शब्दांत सी-एच ही दोन अक्षरं ग्रीकांच्या 'खी' या एका अक्षराच्या जागी येतात आणि इंग्रजीत तिथे 'क' बोलतात. तुमच्या आयडीतच उदाहरण आहे. प्रत्येक मेडिकलच्या पाटीवर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' लिहिलेलं असतं, कुणी 'चेमिस्ट' वाचतं का? क्रॉनिक, कॉलरा, स्कूल, सगळी तीच जात.

आणि या शब्दाची सुरुवात तर मुलींच्या तोंडात आधीच बसलेली आहे. कोलेस्टेरॉल! तेही तेच 'कोले', पित्त. पुढचा भाग ग्रीक 'स्टेरिऑस', म्हणजे घट्ट, घन. कोलेस्टेरॉल पहिल्यांदा हाती लागलं तेच पित्ताच्या खड्यांमधून, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये. म्हणून नावात पित्त आलं. 'कोलेस्टेरॉल म्हण' सांगा, 'कोले'वर थांबवा आणि तिथून 'डोको'ला पाठवा. 'चो' डोक्यात येणारच नाही.

केमिस्टशेजारी

दुकानात दिवसभर 'कोलेस्टॉल' ऐकतो. पण 'चोलेस्टॉल' खरंच कधी ऐकलं नाही. पटलं.

ओझरचा_पाहुणा

हे काहीच नाही. इंग्रजी डिक्शनरीतला सगळ्यात लांब शब्द आजाराचाच आहे. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. स्पेलिंगची ४५ अक्षरं. तो तोडून दाखवा.

डॉ_पोटोबा

तो १९३५ च्या सुमारास अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांब करून रचलेला शब्द आहे. मी एकाही केस पेपरवर पाहिलेला नाही.

सातपूर_शिफ्ट

शब्द बनावट असेल पण आतला आजार खरा आहे. सिलिकोसिस. फाउंड्रीत, दगडखाणीत, खडी क्रशरवर बारीक वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की होतो. फुप्फुस कडक होतं, ते परत मऊ होत नाही. आमच्या ट्रेनिंगला सेफ्टी ऑफिसर 'सिलिकॉसिस' म्हणायचे, डॉक्टर 'सिलिकोसिस'. मास्कचं मात्र दोघंही एकच सांगायचे.

वृत्तवेडा

निवृत्त मराठी शिक्षक आहे, पंचवटीत राहतो. औषधातलं मला काही कळत नाही. पण डॉक्टरांनी दिलेली तोड वाचली आणि बोटं आपोआप मोजायला लागली.

लिहिलेली अक्षरं मोजू नका. 'सिस' लिहायला दोन अक्षरं, पण शेवटचा 'स' आपण पाय मोडूनच बोलतो, 'राम' म्हणताना 'म' मोडतो तसा. म्हणजे बोलताना 'सिस्' हे एकच आणि बंद, म्हणून गुरू. 'थाय्' तसंच, गुरू. ए आणि ओ आपल्या छंदशास्त्रात नेहमी गुरू. आता लावा:

को (गुरू), ले (गुरू), डो (गुरू), को (गुरू), लि (लघू), थाय् (गुरू), अ (लघू), सिस् (गुरू).

आठ अक्षरं. पाचवं लघू, सहावं गुरू, सातवं लघू. अहो, हा अनुष्टुभाचा सम चरण झाला की! श्लोकाच्या दुसऱ्या आणि चौथ्या चरणाचा नियम तंतोतंत हाच. आणि नुसतं बसतं असं नाही. रामरक्षेतला 'पापघ्नीं सर्वकामदाम्' घ्या: पा, पघ्, नीं, सर्, व, का, म, दाम्. चार गुरू, मग लघू-गुरू-लघू-गुरू. एकही मात्रा इकडे तिकडे नाही.

चालीत म्हणून बघा, एकदा हे आणि एकदा ते. मी म्हटलं, तर आतून बायकोने विचारलं, कसला मंत्र?

आणि आता 'लिथियासिस' म्हणा. को-ले-डो-को-लि-थि-या-सिस्. अक्षरं आठच, पण सहावं लघू झालं आणि सातवं गुरू. चाल पाय अडकून पडते. म्हणजे मुलगी चुकली की तिच्याच कानाला कळेल, मॅडमनी सांगायला नको.

सिडकोकर

_/\_ वाचनखूण (वाखु) साठवली.

दुसरंवर्ष_एमबीबीएस

सर, हे आत्ता हॉस्टेलमध्ये मोठ्याने म्हणून दाखवलं. तीन खोल्यांतून मुलं बाहेर आली.

रामकुंड

विनोद म्हणून ठीक. पण रामरक्षेच्या चालीत पित्ताचे खडे? देवाधर्माची थट्टा करायची सवयच झालीय इथे.

वृत्तवेडा

थट्टा नाही हो. अनुष्टुभ हे वृत्त कुणा एका स्तोत्राच्या मालकीचं नाही. वैद्यकाच्या जुन्या संहितांमधलेही ढीगभर श्लोक याच वृत्तात आहेत, पाठांतर सोपं म्हणून. आजारांची नावं वृत्तात बसवणं ही आपलीच रीत आहे. तरी खटकत असेल तर गीतेतलं 'समवेता युयुत्सवः' घ्या. पहिली चार अक्षरं तंतोतंत जुळत नाहीत, पण शेवटचं वळण तेच.

रामकुंड

गीता चालेल आणि रामरक्षा नाही असं मी म्हटलेलं नाही. असो. मुद्दा कळला.

ध्वनिवेडी

सर, दंडवत. पण थोडं टोकते. शब्द वृत्तात बसला हा योगायोग. तेवढ्यावरून उच्चार सिद्ध होत नाही. मूळ इंग्रजी उच्चारात पहिला 'को' आणि 'डो' फार पुसट असतात, 'क' आणि 'ड' यांच्या जवळ जाणारे. ते गुरू आपण मराठी तोंडाने केले आहेत. ते आपल्याकडे चालतं, कुणाला अडचण येत नाही.

मात्र तुमच्या लघू-गुरूतून एक खरं हत्यार हाती लागतंय.

मराठीत एखाद्या अक्षरावर जोर दिला न दिला तर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण लांब इंग्रजी शब्द सपाट म्हणतो, सगळ्या अक्षरांना सारखा भाव. इंग्रजीत एका अक्षरावर मुख्य जोर असतो आणि तो चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही समोरच्याला शब्द ओळखू येत नाही. तो कुठे द्यायचा? हे ग्रीक-लॅटिन शब्द ज्या लॅटिन वळणाने इंग्रजीत आले त्याचा ढोबळ नियम असा: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर. ते लघू असेल तर एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. युरोपातल्या विद्यार्थ्यांना हे वेगळं शिकावं लागतं. आपल्या मुली शाळेत लघू-गुरूच्या खुणा करून आलेल्या आहेत.

लावून बघा. आर्थ्रायटिसमध्ये शेवटून दुसरं 'राय', गुरू, जोर तिथे. सिलिकोसिसमध्ये 'को', गुरू, जोर तिथे (सातपूरवाले, तुमचे डॉक्टर बरोबर होते). अपेंडेक्टमीत शेवटून दुसरं 'ट' लघू, म्हणून जोर मागे 'डेक'वर. कोलोनोस्कोपीत इंग्रज 'नॉस'वर जोर देतो, आपण 'स्को' ताणतो. थर्मॉमीटरमध्ये 'मी' आपण उगाच दीर्घ करतो. मूळ उच्चारात ते तोकडं, म्हणून जोर 'मॉ'वर. आणि आपल्या शब्दात शेवटून दुसरं 'अ' तोकडं, म्हणून जोर 'थाय'वर. सोरायसिस, एलिफंटायसिस, सगळे त्याच रांगेतले.

अपवाद सापडतील. पण वॉर्डात रोज लागणाऱ्या शब्दांपैकी बहुतेक यात निघतात.

केमिस्टशेजारी

म्हणजे जन्मभर 'कोलोनोस्कोऽपी' म्हणतोय तो सपशेल...

डॉ_पोटोबा

म्हणत राहा. पेशंट बरोबर टेबलावर येतोय ना!

गंभीरपणे: हाताखालच्या सिस्टर कसा जोर देतात याने माझं काही अडत नाही. शब्दातला एकही तुकडा गळू नये आणि जास्तीचा घुसू नये, याने अडतं. परीक्षकानेही तेवढंच बघावं. छोल्यांचा विनोद करणाऱ्याला एकदा 'भाकरी' म्हणायला लावा, जन्म जर महाराष्ट्राबाहेरचा असेल तर.

पेठची_सिस्टर

मी यातूनच गेले आहे, आता सरकारी नोकरीत. मॅडम, एक सांगू? आम्हाला तोड कळत नव्हती असं नाही, आम्हाला ती मोठ्याने म्हणायला जागाच नव्हती. हॉस्टेलमध्ये पुस्तक मनात वाचायचो. मनात वाचताना 'चोले' पण चालतं आणि 'कोले' पण, डोळा पुढे सरकतो. जिभेवर शब्द पहिल्यांदा यायचा तोच परीक्षकासमोर. आमच्या एका सीनियर ताईंनी रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येकीला पाच शब्द मोठ्याने म्हणायला लावले, तेव्हा सुटलं. हसायचं नाही एवढाच नियम होता.

शेवटून मागे बांधत जायचं: 'सिस', 'असिस', 'थायअसिस', 'लिथायअसिस', 'कोलिथायअसिस'... अशाने शब्दाचा शेवट पाठ होतो. समोरून सुरू केलं तर 'कोलेडो'पर्यंत दम असतो, पुढे आवाज बसतो आणि नेमका जोराचा भाग तिथेच आहे.

ध्वनिवेडी

हे मागून बांधणं फार मोलाचं आहे. भाषा शिकवणारे मुद्दाम वापरतात. +१००

निर्झरा_नाशिक

सगळ्यांचे आभार. आज वर्गात दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. वर अर्थाची, कोले + डोको + लिथ + इयासिस. खाली जिभेची, को-ले-डो-को-लि-थाय-अ-सिस, 'थाय' लाल खडूने. रामरक्षा सगळ्यांना येतेच असं नाही, वर्गात फातिमा आहे, मेरी आहे, आणि पेठच्या कित्येकींच्या घरात ती म्हटलीच जात नाही. म्हणून चाल सांगितली नाही, नुसत्या टाळ्या ठेवल्या: चार सावकाश, मग आखूड-लांब-आखूड-लांब. पेठच्या सिस्टरांच्या पद्धतीने मागून बांधत आणलं. सुरगाण्याची एक मुलगी भजनात टाळ धरते, तिने पहिल्यांदा ठेका पकडला आणि बाकीच्यांना तिनेच म्हणायला लावलं. मी फळ्याशी उभी.

'थियासिस' म्हणणाऱ्या दोघी-तिघी टाळीला चुकल्या आणि स्वतःच थांबल्या. सर, तुमचं म्हणणं खरं निघालं.

आता पुढचा शब्द त्यांनीच काढलाय. ईआरसीपीमधला शेवटचा, कोलँजिओपँक्रिएटोग्राफी. हा कसा तोडायचा?

डॉ_पोटोबा

अर्थाने: कोल + अँजिओ + पँक्रिएटो + ग्राफी. पित्त, वाहिनी, स्वादुपिंड, चित्र काढणं. जिभेने: को-लॅन्-जि-ओ-पॅन्-क्रि-अ-टॉ-ग्र-फी. शेवटून दुसरं 'ग्र' तोकडं, म्हणून जोर 'टॉ'वर. ध्वनिवेडींचा नियम इथेही चालतोय.

वृत्तवेडा

दहा अक्षरं. अनुष्टुभात नाही बसत. बघतो कशात बसतंय.

सिडकोकर

आणि बीपी मोजायच्या यंत्राचं ते स्फिग्मो का काय?

ध्वनिवेडी

स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. 'मि' लघू, जोर 'नॉ'वर.

पेठची_सिस्टर

व्हायव्हात म्हणा. वॉर्डात 'बीपीचं मशीन आण गं' म्हटलं की लगेच येतं.